अंदमानात मुक्काम टाकून स्कूबा डायव्हिंग: पहिल्या सहलीची आखणी

डायव्हिंगची सहल दोन तऱ्हांनी करता येते. एकीत आठवडाभर बोटीवरच राहायचे, तिथेच जेवायचे-झोपायचे आणि दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उतरायचे. दुसरीत बेटावर खोली घ्यायची, सकाळी डायव्ह सेंटरच्या बोटीने निघायचे आणि दुपारच्या जेवणाला किनाऱ्यावर परतायचे. नवख्याने दुसरीच निवडावी. कानाला दडे बसले, सर्दी झाली किंवा पहिल्याच दिवशी कळले की हे आपले काम नव्हे, तर बेटावर वेळ मजेत जातो. बोटीवर मात्र इतरांचे ओले वेटसूट (पाण्यात अंग ऊबदार ठेवणारा रबरी पोशाख) बघत बसावे लागते. शिवाय घरातली पाण्यात न उतरणारी मंडळीही बेटावर सोबत येऊ शकतात.

भारतात अशा मुक्कामी सहलीला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे अंदमानातले हॅवलॉक आणि त्याच्या शेजारचे नील. २०१८ मध्ये त्यांची नावे अनुक्रमे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. आरक्षण करताना दोन्ही नावे दिसतील, गोंधळू नका. बोलण्यात अजून जुनीच चालतात, म्हणून इथेही तीच वापरली आहेत.

बेत शेवटून मांडा

बहुतेक जण आधी विमानाचे तिकीट काढतात, मग हॉटेल बघतात आणि उरलेल्या दिवसांत डायव्ह बसवतात. इथे उलटे करायचे. परतीचे विमान ठरले की शेवटची डायव्ह कधी संपली पाहिजे ते ठरते, आणि तिथून मागे मोजत यायचे.

कारण असे: खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीरातल्या ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू, काही तासांत श्वासावाटे बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच ठेवलेला असतो. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना इतक्या कमी दाबात गेलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. हाच दाबाचा आजार. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, या संस्थेच्या शिफारशीनुसार एकच साधी डायव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास आणि अनेक डायव्ह किंवा अनेक दिवस डायव्हिंग केले असेल तर किमान १८ तास थांबायचे. बहुतेक सेंटर सरसकट २४ तास सांगतात. तुम्हीही २४ धरा. पोर्ट ब्लेअरहून सकाळचे विमान असेल तर त्याचा अर्थ आदला अख्खा दिवस कोरडा.

हाच नियम मालवण-तारकर्लीला डायव्हिंग करणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. आंबोली घाट समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर वर चढतो. दिवसभर दोन-तीन खोल डायव्ह करून त्याच संध्याकाळी गाडीने घाट चढणे म्हणजेही कमी दाबात जाणेच. रात्र किनाऱ्यावर काढावी.

आता आखणी. नव्याने कोर्स करणाऱ्यासाठी आठ रात्री धरा.

पहिला दिवस पोर्ट ब्लेअरला पोहोचण्याचा. मुंबई-पुण्याहून बरेचदा मध्यरात्री निघून चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला विमान बदलावे लागते, त्यामुळे झोप झालेली नसते. त्याच दुपारची हॅवलॉकची बोट पकडता येते खरी, पण विमानाला दोन तास उशीर झाला की ती गेली. पोर्ट ब्लेअरला मुक्काम करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीने हॅवलॉक. मॅक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन अशा खासगी कंपन्यांच्या बोटी दीड ते अडीच तासांत पोहोचवतात. सरकारी बोट बरीच स्वस्त, पण तिला वेळ जास्त लागतो आणि गर्दीच्या दिवसांत तिकिटाची खात्री कमी. तिकीट आधी काढा, ओळखपत्र जवळ ठेवा आणि सुटण्याच्या तासभर आधी धक्क्यावर हजर राहा. दुपारी सेंटरवर जाऊन कागदपत्रे भरायची आणि डायव्हिंगचे सामान अंगाच्या मापाचे बघून घ्यायचे.

तिसरा ते पाचवा दिवस कोर्स. सहाव्या दिवशी शिकलेल्याचा आनंद घेत दोन डायव्ह. सातवा दिवस मुद्दाम मोकळा. आठव्या दिवशी सकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअर, म्हणजे तोच कोरडा दिवस. सेल्युलर जेल आणि रॉस बेट या दिवसासाठी राखून ठेवा. नवव्या दिवशी विमान.

सातवा दिवस फुकट गेला असे वाटून तो कापू नका. समुद्र खवळला, कान दुखला, एखादा धडा पुन्हा करावा लागला, तर कोर्स याच दिवशी पुरा होतो. काहीच बिघडले नाही तर नीलला जाऊन या. आणि आठव्या दिवशी संध्याकाळची शेवटची बोट कधीच ठरवू नका. वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर दुसऱ्या सकाळचे विमानही हातचे जाते.

कधी जायचे, आणि पंचांग का बघायचे

मोसम ऑक्टोबर ते मे. त्यातही नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात वादळे उठू शकतात आणि ईशान्य मोसमी वाऱ्याचा पाऊस येतो. जानेवारी ते एप्रिल हा सगळ्यात भरवशाचा काळ: समुद्र शांत आणि पाणी स्वच्छ. पाण्याचे तापमान बहुतेक २७ ते ३० अंश सेल्सिअस. मधूनच खालून गार पाण्याचा पट्टा अंगावर येतो, त्याने दचकू नका. नाताळ ते ५ जानेवारी टाळा. गर्दी असते आणि भाव चढलेले असतात.

तारखा ठरवताना भिंतीवरचे कालनिर्णय काढा. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. भरती-ओहोटीतला फरक मोठा, म्हणून पाण्याची ओढ जोरदार. अष्टमीच्या सुमाराला भांगाचे पाणी असते आणि ओढ मंद. उघड्या समुद्रातल्या खडकांवर हा फरक चांगलाच जाणवतो. नवख्याचे समुद्रातले पहिले दिवस भांगात येतील असे बघावे. आणखी एक गोष्ट: हॅवलॉकच्या पूर्वेकडचे किनारे, म्हणजे तीन आणि पाच नंबरचे बीच, उथळ आहेत. उधाणाच्या ओहोटीला पाणी खूप आत जाते आणि बोटीपर्यंत खडकांतून चालावे लागते. पायात निओप्रीनचे बूट असले तर तळवे शाबूत राहतात.

कोणता कोर्स

पोहता येत नसेल आणि फक्त अनुभव हवा असेल तर डिस्कव्हर स्कूबा. थोडी माहिती, उथळ पाण्यात सराव, मग इन्स्ट्रक्टरसोबत जास्तीत जास्त १२ मीटर खोल. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एका पाहुण्यामागे एक इन्स्ट्रक्टर असतो आणि तोच तुमची हवेची टाकी धरून तुम्हाला फिरवतो. यासाठी आठ रात्रींची गरज नाही. पाच पुरतात.

खरा कोर्स म्हणजे ओपन वॉटर. तीन ते चार दिवस, समुद्रात चार डायव्ह, आणि नंतर जगभर जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाण्याचा परवाना. किमान वय १० वर्षे. यासाठी पोहता यायला हवे: पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार न थांबता २०० मीटर, कोणत्याही पद्धतीने, वेळेची अट नाही. त्याऐवजी मास्क, फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख) आणि स्नॉर्केल (श्वासाची नळी) लावून ३०० मीटर चालते. शिवाय १० मिनिटे आधाराविना तरंगायचे. गावच्या तलावात जाऊन हे दोन महिने आधी तपासा. तिथे जमले नाही तर समुद्रात जमणार नाही. प्रमाणपत्र पॅडीचे घ्यावे की एसएसआय या दुसऱ्या संस्थेचे, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. दोन्ही सर्वत्र चालतात. इन्स्ट्रक्टर चांगला असणे जास्त महत्त्वाचे.

थिअरीचा भाग ऑनलाइन असतो आणि तो घरूनच पुरा करून निघा. हॅवलॉकला मोबाइलचे नेटवर्क पूर्वीपेक्षा सुधारले आहे. चेन्नई-अंदमान समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. तरी खोलीत बसून व्हिडिओ बघण्याइतका भरवसा ठेवू नका. मुंबई-पुण्यात तलावातला सराव करून देणारे इन्स्ट्रक्टर असतील तर तोही घरी उरकून, त्यांच्याकडून तसे पत्र घेऊन, फक्त चार समुद्री डायव्ह अंदमानात करता येतात. बेटावरचे दोन दिवस वाचतात.

तब्येतीचा फॉर्म

यात लपवाछपवी करू नये. दमा, छातीचे किंवा कानाचे ऑपरेशन, फिट्स, हृदयविकार, मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या, गर्भारपण, यांतल्या कशालाही ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही लागू शकते. सही नसेल तर चांगले सेंटर पाण्यात उतरवत नाही, आणि हॅवलॉकला ऐनवेळी सही मिळवणे अवघड. फॉर्म महिनाभर आधी मागवून फॅमिली डॉक्टरांकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. गर्भवतीने डायव्हिंग करूच नये.

विमा वेगळा काढा. साध्या प्रवासविम्यात स्कूबा बरेचदा वगळलेले असते किंवा किती खोल जायचे याची मर्यादा असते, ती ओळ शोधून वाचा. डॅनचा विमा खास डायव्हिंगसाठी आहे. दाबाच्या आजारावर लागणारा रिकम्प्रेशन कक्ष (रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवण्याची बंद खोली) पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या रुग्णालयात आहे, हॅवलॉकला नाही. म्हणजे मधे समुद्र आहे हे धरूनच जपून डायव्ह करायची.

सेंटर निवडताना विचारायचे प्रश्न

फोनवर आधी दर विचारू नका. आधी विचारा: बोटीवर ऑक्सिजनची टाकी असते का? एका इन्स्ट्रक्टरकडे कोर्सला किती जण? चारपेक्षा जास्त असतील तर दुसरीकडे बघा. सगळे पाण्यात असताना बोटीवर कोण थांबते? प्रत्येकाला डायव्ह कॉम्प्युटर (किती खोल आणि किती वेळ ते दाखवणारे यंत्र) मिळतो का, की फक्त पुढच्याच्या हातात असतो? लाट जास्त असली तर रद्द करता का, आणि पैशांचे काय? या प्रश्नांना जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नये.

मग दर. तुलना करताना वेटसूटसह सगळे सामान, बोट, ऑनलाइन अभ्यासाचे शुल्क, प्रमाणपत्राचे शुल्क आणि कर धरले आहेत का ते लेखी घ्या. स्वस्त वाटणाऱ्या कोर्समध्ये प्रमाणपत्र वेगळे निघते, हा नेहमीचा प्रकार. फोटो-व्हिडिओचे पैसे बहुधा निराळेच. बेटावर एटीएम मोजकी आहेत आणि नेटवर्क गेले की यूपीआयही थांबते, तेव्हा दोन-तीन दिवसांचे रोख पैसे जवळ असू द्या.

राहायला सेंटरच्या जवळचीच खोली घ्या. राधानगर बीच सुंदर आहे, पण बरीच सेंटर तीन आणि पाच नंबरच्या बीचच्या बाजूला, बेटाच्या दुसऱ्या अंगाला आहेत. अंदमान पूर्वेला इतके लांब आहे की भारतीय वेळेनुसार डिसेंबर-जानेवारीतही सहाच्या आत उजाडते आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. बोटी सहा-साडेसहाला निघतात. त्या वेळी बेटाच्या पलीकडून रिक्षा शोधत येणे नको.

काय न्यायचे

देशांतर्गत विमानात सहसा १५ किलोच सामान चालते, आणि पूर्ण डायव्हिंग संच सहज ९-१० किलो भरतो. पहिल्या सहलीला विकत घ्यायची एकच वस्तू: मास्क. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. तसाच चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. मिशी असेल तर नाकाखालची एक बारीक पट्टी भादरून घ्या, नाहीतर पाणी झिरपत राहते. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला थर असतो. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतून दोन-तीनदा चोळून धुतला नाही तर पाण्यात धुके धरते. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, किंवा सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स चालतात.

रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी देणारे यंत्र), बीसीडी (हवा भरून-काढून तरंगणे सांभाळणारे जॅकेट), फिन्स आणि ३ मिलिमीटरचा वेटसूट भाड्याने घ्या. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवायच्या. संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूतल्या माश्या पायांना चावतात आणि खाज आठवडाभर जात नाही. खोबरेल तेल किंवा कीटकरोधक मलम लावून बसा.

पाण्यात काय बिघडते

कान. नवख्यांचे निम्म्याहून अधिक रडगाणे कानाचे असते. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे सगळ्यात मोठा बदल अगदी वरच्या थरातच होतो आणि म्हणून दोन-तीन मीटरवरच कान ठणकतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारा, तीही दुखायला लागण्याच्या आधी, दर अर्ध्या-एक मीटरला. दोराला धरून पाय खाली ठेवून उतरा. जमले नाही तर मीटरभर वर येऊन पुन्हा प्रयत्न करा. जोर लावून ढकलू नका, पडदा फाटतो. सर्दी असताना नाक मोकळे करणारे औषध घेऊन उतरण्याचा मोह होतो. औषधाचा असर खालीच संपला तर वर येताना अडकलेली हवा बाहेर पडत नाही. त्या दिवशी सुट्टी घ्या.

श्वास कधीही रोखू नका. १० मीटरवर भरलेली फुफ्फुसे तशीच बंद ठेवून वर आलात तर आतली हवा दुप्पट होते. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नको, आणि ५ मीटरवर ३ मिनिटे थांबायचे.

वजन. नवख्याला खाली नेणे सोपे जावे म्हणून पट्ट्यावर दोन किलो जास्त लटकवले जातात. मग तो बुडतो, बीसीडीत हवा भरतो, वर जातो, हवा काढतो, पुन्हा बुडतो, आणि अर्धी टाकी या खालीवर होण्यातच संपते. तपासायची रीत: पृष्ठभागावर बीसीडी पूर्ण रिकामी करून, सामान्य श्वास धरून निश्चल राहा. पाणी डोळ्यांच्या पातळीला यावे आणि श्वास सोडल्यावर हळूच खाली जावे. ही चाचणी भरल्या टाकीने केली असेल तर साधारण दोन किलो वाढवा, कारण अॅल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की हलकी होऊन वर ओढते.

हवेचा हिशेब एकदा कागदावर करून बघा. ११ लिटरची टाकी, २०० बार (बार हे दाबाचे एकक). ५० बार राखीव, म्हणजे वापरायला १५० बार, एकूण १६५० लिटर. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे २० लिटर हवा घेतो असे धरू. १० मीटरवर ती दुप्पट, ४० लिटर, म्हणजे ४१ मिनिटे. १८ मीटरवर दाब २.८ बार, म्हणून ५६ लिटर, म्हणजे जेमतेम २९ मिनिटे. ‘खोल नेले की पैसे वसूल’ हा समज इथेच संपावा. १०० बार झाले की इन्स्ट्रक्टरला खूण करा, ५० बार हातात ठेवून बोटीवर या. आणि तोंडात घेण्यापूर्वी टाकीची हवा हुंगा. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर टाकी बदलून मागा.

बोटीवर उलटी होते ती बहुतेक दोन डायव्हांच्या मधल्या तासात, बोट नांगरून डोलत असताना. सकाळी केळे, बिस्किटे असे हलके काही खा, क्षितिजाकडे बघत बसा. उलटीच्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून डॉक्टरांना विचारून, घरी एकदा घेऊन बघितलेलीच न्या. लहान बोटीवर शौचालय बहुधा नसते.

कुठे उतरायचे

नेमो रीफ किनाऱ्यालगत, अगदी उथळ. लाइटहाउस आणि अॅक्वेरियम कोर्सच्या डायव्हांना योग्य. द वॉल ही जेट्टीपासून जवळची, खोल उतरत जाणारी भिंत. तिच्या वरच्या भागातही भरपूर बघायला मिळते. जॉनीज गॉर्ज आणि डिक्सन्स पिनॅकल यांची नावे फार ऐकाल. त्या २५-३० मीटरच्या आणि ओढीच्या जागा आहेत, अॅडव्हान्स्ड कोर्सनंतरच्या. ‘चालेल, घेऊन जातो’ असे कुणी म्हणाले तरी नाही म्हणा.

प्रवाळांबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. समुद्र तापल्यामुळे २०१० आणि २०१६ मध्ये अंदमानातले उथळ प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, आणि पाच-सहा मीटरवर मेलेल्या फांद्यांचा ढीग दिसणे आजही शक्य आहे. मासे मात्र भरपूर. त्यातला टायटन ट्रिगरफिश अंडी राखत असला की अंगावर धावून येतो. त्याची हद्द खालून वर रुंदावत जाते, म्हणून वर न पळता आडवे पोहत दूर व्हा. कशालाही हात लावू नका: काही खडकांसारखे दिसणारे मासे विषारी असतात, आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. किनाऱ्यावर पडलेले प्रवाळ-शंख पिशवीत टाकले तर विमानतळावरच्या तपासणीत ते जप्त होतात आणि चौकशीलाही सामोरे जावे लागते. खाड्यांच्या तोंडाशी मगरीचा इशारा देणारे फलक दिसले तर तिथे पाण्यात उतरू नका.

परत आल्यावर दोन दिवस अंगाकडे लक्ष ठेवा. सांधे दुखणे, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा, कातडीवर चट्टे, चक्कर, न जाणारा थकवा, यातले काही झाले तर प्रवासाचा शीण समजून झोपू नका. रुग्णालयात जाऊन पहिले वाक्य हेच सांगा की आपण डायव्हिंग करून आलो आहोत, किती खोल गेलो आणि शेवटची डायव्ह कधी केली. हे न सांगितल्यास डॉक्टर मानदुखी किंवा व्हायरल म्हणून उपचार करतील. डॅनची आपत्कालीन दूरध्वनी सेवा चोवीस तास चालते. तिचा क्रमांक निघण्याआधीच फोनमध्ये घालून घ्या.